सोमारीच्या ढिगातली काठी

धावायला मला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पदर खोचून जंगलाच्या वाटेने पळणारी बाई म्हणजे डोक्याने अधू, असं आलापल्लीत सगळ्यांचं ठरलंच होतं. त्या दिवसानंतर माझंही जवळजवळ ठरलं.

गेल्या साली, चोपन्नच्या फाल्गुनातली गोष्ट. हे जंगलखात्याच्या रेंज ऑफिसात कारकून. आमची नलू चार महिन्यांची असताना मी विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि उजव्या पायाची नडगी मोडली. चांद्याला जाऊन प्लॅस्टर, मग काठी, मग लंगडणं; सात महिने त्यात गेले. दुखण्याचं एवढं नाही. पण एकदा नलू रांगत चुलीकडे निघाली आणि मी खाटेवरून नुसती ओरडत राहिले. कामाला येणाऱ्या सुगंधाबाईंनी तिला उचललं. तेव्हापासून मनाने एकच घेतलं: पोरीला काही झालं, तर मी वेळेवर पोचणार नाही.

शाळेत असताना शर्यतीत मी पहिली यायचे. आता क्वार्टरपासून लाकडाच्या डेपोपर्यंतची, सागवनातली गाडीवाट. रोज उन्हं कलली की निघायचं. अर्धी चालत, अर्धी पळत. हे म्हणायचे, "डेपोवाले विचारत होते, तुमच्या मंडळींच्या मागे वाघ लागला होता का?"

सुगंधाबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, वळनावर फांद्यायचा ढीग हाये. एक फांदी टाकल्याबिगर पुढं जाऊ नोका."

"काऊन?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"सोमारीले तिथी वाघानं नेलं. गवत कापाले गेलती. लेकरू झाडाखाली निजवलं होतं. थे रडलं म्हून धावत सुटली… पोचली नाई." मग आवाज उतरवून, "लेकराले काई नाई झालं. मामानं नेलं. पन वाघानं नेलेल्या मानसाले दाबून ठेवा लागते बाई. येनाऱ्या-जानाऱ्यानं फांदी टाकली का राह्यते पडून."

मी मॅट्रिक झालेली. हसले. आणि रोज न चुकता फांदी टाकली. विश्वास नव्हता, पण फांदीला काय पैसे पडतात?

त्या दिवशी मी डेपोपर्यंत न थांबता पळाले. पहिल्यांदाच. त्या आनंदात फांदी टाकायची राहिली. येताना पायाने सूड घेतला. वळणावर पोटरीत असा गोळा आला की मी खालीच बसले. ऊन गेलं होतं. मोहाच्या फुलांचा गोड, जड वास हवेत साचलेला. नलूला पाजायची वेळ होऊन गेली होती. माझी चोळी ओली व्हायला लागली. आधाराला काहीतरी हवं होतं. आजूबाजूला नुसता पाचोळा, आणि ढिगात मात्र एक जाड, सरळ काठी.

ओढली. निघेना. दोन्ही हातांनी ओढली, तेव्हा आली. आणि ढीग आतून जरासा खचला… झोपेत कुणी कूस बदलावी तसा.

"उद्या दोन टाकीन," मी मोठ्याने म्हणाले. कुणाला, देव जाणे.

पंधरा-वीस पावलं गेले असेन. मागे सागाची वाळलेली पानं वाजली. चर्र… चर्र. एक पाऊल जड, एक हलकं. माझ्यासारखंच लंगडं. मी थांबले. ते आणखी दोन पावलं आलं, मग थांबलं.

"कोण आहे…?"

पानं गप्प.

प्रतिध्वनी असेल, मी स्वतःला समजावलं. पानांचा प्रतिध्वनी कुठल्या इयत्तेत शिकले होते, ते काही आठवेना. काठी टाकली आणि पळत सुटले. मागचंही पळालं. माझ्या पायातून कळा निघत होत्या, आणि मागचं लंगडणं मात्र हळूहळू सरळ होत गेलं. आता दोन्ही पावलं सारखी. हलकी, अनवाणी, सवयीची. जवळ आली. अगदी खांद्याशी आली. कापलेल्या गवताचा आणि आंबलेल्या दुधाचा वास अंगावरून गेला.

आणि पानं माझ्या पुढे वाजू लागली.

तोवर मला भीती माझ्या जिवाची होती. ती तिथेच संपली. वाट सरळ आमच्या दाराशी जात होती. ती पावलं माझ्या मागे लागलेलीच नव्हती.

"थांब!" मी ओरडले. "सोमारी… थांब गं. ती माझी आहे…"

पावलांनी वेग घेतला.

मी पोचले तेव्हा सुगंधाबाई ओसरीवर कंदील टांगत होत्या. "काऊन पळून राह्यल्या बाई? पोरगी मजेत हाये."

"कोणी आलं होतं?"

"कोनी नाई. लय रडून राह्यली होती. मी कंदील पुसाले मागं गेली, तं आपोआपच चूप झाली."

नलू पाळण्यात होती. तिला छातीशी घेतलं, तर तिने तोंड फिरवलं. पोट टम्म भरलेलं. ओठाच्या कोपऱ्यात दूध होतं, अजून ओलं. सुगंधाबाईंनी ते पाहिलं.

"फांदी टाकली होती ना, बाई…?"

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या सकाळी यांना सोबत घेऊन दोन भारे फांद्या टाकून आले. हे एकदाही हसले नाहीत. माझा चेहराच तसा झाला असेल.

नलू आता दोन वर्षांची आहे; दिवसभर पळते. माझा पाय ठणठणीत आहे. अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला मी क्षणात पोचते. पण उपयोग होत नाही. ती अडखळते, मी झेपावते, आणि मी पोचायच्या आत ती उभी असते. दोन्ही खांदे कानांपर्यंत वर गेलेले, काखेत हात घालून लेकराला उचललं की जातात तसे.

परवा मी मुद्दाम खाली वाकून पाहिलं. तिच्या टाचा जमिनीला टेकायला जरा वेळ लागला.