खुर्चीमागची निळी चादर

तान्ह्या बाळाचा फोटो काढणं म्हणजे पारा चिमटीत धरणं, असं बेबीचे बाबा म्हणत. स्टुडिओ त्यांचा, कॅमेरा त्यांचा, पाटीवर नावही त्यांचंच. पण बाळं स्थिर बसत ती बेबीच्या आईमुळे. खुर्चीवर एक निळी चादर पार जमिनीपर्यंत टाकलेली असे. आई तिच्याखाली, खुर्चीच्या मागे उकिडवी बसे आणि चादरीच्या घड्यांतून हात काढून बाळाला कमरेशी धरून ठेवी. बाबा बटण दाबत, मोठ्यानं "झालं!" म्हणत, आणि मगच ती हात सोडे. त्याआधी आभाळ कोसळलं तरी नाही. मग निवांत वेळी तीच बारीक कुंचला घेऊन टचिंगला बसायची आणि फोटोत डोकावणारी स्वतःची बोटं निळ्या रंगानं बुजवून टाकायची. "लोकांना बाळ हवंय, बाळाची दाई कशाला?" असं वर हसून म्हणायची.

त्या खुर्चीवर बसलेलं पहिलं बाळ म्हणजे त्यांची लेक. तो फोटो दर्शनी काचेत लागला आणि सगळी गल्ली तिला बेबी म्हणू लागली. आता तिच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते, रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात उमर गेली होती, तरी ती बेबीच. दिसेल तेवढंच खरं, हा तिचा खाक्या. आई गेली तेव्हाही कागदपत्रं, सामान, बाबांची औषधं, सगळं तिनं कोरड्या डोळ्यांनी मार्गी लावलं होतं.

मग एके दिवशी भिंगरीनं विचारलं, "आई, आजीचं नाक कसं होतं गं?"

भिंगरी ही बेबीची धाकटी, पायाला भिंगरी लागलेली म्हणून भिंगरी. पोरगी जेवतानाही एका जागी बसत नसे. बेबीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि नाक आठवेना. आईचा आवाज आठवत होता. हातांना येणारा रंगाचा वास, तापलेल्या कपाळावर येणारा गार तळवा, दारात चेंगरून वाकडं झालेलं करंगळीचं टोक, सगळं आठवत होतं. चेहरा तेवढा विरघळत चालला होता. भिंतीवर लावायला आईचा एक फोटो नव्हता. ओळखपत्रावर होता, पण त्यात तिला तिनं स्वतःही ओळखलं नसतं. बेबी न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली.

सुट्टीच्या दिवशी भिंगरीला घेऊन ती बंद स्टुडिओत आली. बाबांनी आधीच कुलूप काढलं होतं. आई गेल्यापासून ते रोज इथे येऊन बसत, काम नसलं तरी.

"शोध हवं तर," ते म्हणाले, "पण मिळायचा नाही. ती कधी समोर बसलीच नाही. म्हणायची, मी समोर आले तर मागे कोण बसेल?"

बेबीनं खोके उपसले. आई कुठेच नव्हती. थकून तिनं मान वर केली, आणि काखेत कळसा म्हणतात तसं झालं. भिंतीवर बाळांच्या तसबिरी होत्या, आणि समोरच्या बाळाच्या कमरेशी बोटं दिसत होती.

जुना रंग उडाला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. भिंतीला ओल आहे. पण शेजारच्या तसबिरीतही बोटं होती, तिच्या शेजारच्याही. तिनं एक तसबीर उतरवली, काच काढली आणि भिंगातून पाहिलं. आईनं भरलेला निळा रंग जसाच्या तसा होता, कुठे तडासुद्धा नाही. बोटं त्या रंगाच्या वर होती. करंगळीचं टोक वाकडं होतं.

"बाबा, हे आधीपासून असं होतं?"

बाबा पाहायला उठले नाहीत. "असू दे," ते म्हणाले. "पुसू नकोस काही." मग कॅमेरा जवळ ओढत, "भिंगरीला शाळेसाठी फोटो हवाय ना? बसव तिला. मी काढतो."

खुर्ची मांडलेली होती. वर निळी चादर होती. आईच्या पश्चात ती बेबीनंच धुऊन कपाटात ठेवली होती.

भिंगरी खुर्चीवर चढली आणि चक्क बसली. पाय हलले नाहीत, मान वळली नाही. बेबीला कौतुक वाटलं, आणि लगेच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बाबांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. बटण वाजलं.

ते काही बोलले नाहीत.

"झाला ना गं फोटो?" भिंगरीनं विचारलं.

"हो. ऊठ आता."

"उठता येत नाही."

बेबीनं हसत तिला काखांत हात घालून उचललं. पोरगी जराशी वर आली आणि अडली. तिच्या कमरेशी दोन्ही बाजूंनी फ्रॉक चुरगळून आत ओढला गेला होता.

"आजी सोडत नाहीये," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली.

खुर्चीमागे चादर फुगली होती. उकिडवं बसलेलं माणूस असावं तेवढीच.

बेबी खाली बसली. चादरीची कड तिच्या बोटांत आली. एवढी कड वर केली की नाक, डोळे, कपाळ, सगळं परत मिळणार होतं. तिला दुसरं काही नको होतं.

"आई, दुखतंय!"

बेबीनं कड सोडली.

"बाबा, म्हणा."

"थोडं थांब."

"बाबा!"

"एकदा म्हटलं की जाईल गं ती." म्हातारा लहान मुलासारखा रडत होता. "रोज तिला बसवतो मी. फोटो काढतो आणि म्हणतच नाही."

"लेकरू रडतंय, बाबा. आईला चाललं असतं का?"

बाबांनी कॅमेऱ्यावरचा हात काढला.

"झालं," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला ऐकू गेलं नसतं इतक्या हळू.

फ्रॉकची चुणी सुटली. चादर खाली बसत गेली, पार जमिनीला टेकेपर्यंत. भिंगरी उडी मारून बाहेर पळाली आणि पायरीवर लंगडी घालू लागली.

बाबा चादरीची घडी करत बसले. बेबी शटर ओढायला निघाली. जाताना तिनं भिंतीकडे पाहिलं.

सगळी बाळं हलली होती. कुणाच्या जागी नुसता पांढरट फराटा होता, कुणी तोंड उघडं टाकून एका अंगाला कलंडलं होतं. कुणाच्याही कमरेशी बोटं नव्हती.

ती धावत दर्शनी काचेशी गेली.

तिच्या फोटोत बाळानं पाठ फिरवली होती. खुर्चीची पाठ एका हातानं धरून ते उभं राहिलं होतं आणि मागे वाकून पाहत होतं. त्याचा चेहरा दिसत नव्हता, मानेवरचं मऊ जावळ तेवढं दिसत होतं. दुसऱ्या हाताच्या मुठीत चादरीची कड होती, वर उचललेली.