सत्यजीतचे जागे उंदीर

खांदा कॉलनीतल्या किराणा दुकानात कंडेन्स्ड मिल्कचा एकच डबा उरला होता, आणि त्यावर एकदम दोन हात पडले. त्यातला एक माझा.

"मला खीर करायचीय," मी ठसक्यात म्हटलं.

"मला उंदरांना द्यायचंय."

"विष घालून?"

"अहो, छे! लाड करायला."

वेडाच दिसतोय, म्हटलं... आणि डबा सोडला. हसताना त्याचे डोळे अर्धे मिटत होते ना, म्हणून!

दुसऱ्या दिवशी आमच्या मेंदू-संशोधन केंद्रात तोच समोर! डॉ. सत्यजीत, प्राण्यांना भूल देणारा. उंदीर हलला की मेंदूचा फोटो, म्हणजे पीईटी (PET) स्कॅन बिघडतो, म्हणून भूल. पण हा पठ्ठ्या फावल्या वेळात उंदरांना जागेपणीच स्कॅनरमध्ये शांत पडून राहायला शिकवत होता, बोटावरचं दूध चाटवून.

"माझेही एवढे लाड कर की," मी एकदा म्हणाले.

"तू कुठे शांत बसतेस, वल्लरी?" मग हळूच – "पनवेलमध्ये राहिलीस, तर बघू."

राहणं माझ्या प्रयोगावर अवलंबून होतं. आमचं नवं औषध दिलं की स्कॅनमध्ये मेंदूतल्या डोपामिन रिसेप्टरचा आकडा धाडकन खाली यायचा, म्हणजे औषध जोरात लागू पडत होतं. हे टिकलं, तर माझी नोकरी टिकणार होती. मी मनातल्या मनात घरसुद्धा सजवलं होतं – दोघांचं!

आणि एके दिवशी तो म्हणाला, "वल्लरी... हा परिणाम भुलीनं फुगवला असेल तर? जागे उंदीर स्कॅन करून बघ."

मी भडकले. दोन दिवस बोलले नाही. पण करावंच लागलं. जाग्या उंदरांत फरक जेमतेम दिसला. झालं! नोकरी गेली. दुसरी मिळाली ती थेट तिरुवनंतपुरमला, आणि त्याचे वडील उरणला अंथरुणाला खिळलेले.

पनवेल स्टेशनवर तो माझी बॅग धरून उभा होता.

"मी गप्प बसलो असतो, तर तू राहिली असतीस," तो म्हणाला.

"हो ना. आणि पुढे कळलं असतं, तेव्हा तुझं तोंड पाहिलं नसतं."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माझंही आहे रे, मेल्या..."

गाडी हलली. खरं सांगू? तेव्हा वाटलं, यानं एकदाच खोटं बोलावं. 'येतो तुझ्या मागोमाग,' एवढंच म्हणावं. मी विश्वास ठेवला असता.

तो खिडकीसोबत चार पावलं चालला, आणि म्हणाला, "जप स्वतःला."