एकसष्ट नंबरचं कार्ड

चंद्रपूरच्या बसस्टँडवर एसटीतून उतरताना रिनाची पिशवी हातातून निसटली, आणि खाली उभ्या असलेल्या एका पोराने ती वरच्या वर झेलली! मग दोन्ही हातांनी अशी धरून उभा राहिला की जणू बाळच आहे.

"काय आहे आत?"

"वाघ."

"...किती?"

"माईत नाई. मोजायलेच तर आणून राह्यली."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालावर खळी पडली. रिनाने पाहिली. दोनदा.

अर्ध्या तासाने तोच पोरगा तिच्या ऑफिसात, तिच्याच शेजारच्या खुर्चीत! प्रफुल. कॉम्प्युटरचं काम बघायला नवीन आलेला.

रिनाची संस्था जंगलात कॅमेरे लावून वाघ मोजते. ऐंशी कॅमेरे, त्यांची पिशवीतली ऐंशी मेमरी कार्डं, सहा लाख फोटो. त्यातले निम्मे तर नुसत्या हलणाऱ्या गवताचे. एवढे फोटो ऑफिसातला कॉम्प्युटर पाहत बसला तर दिवाळी उजाडेल. म्हणून ते क्लाउडवर पाठवतात, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या मोठमोठ्या कॉम्प्युटरांवर.

"आतापर्यंत कार्डं आली की संध्याकाळीच सगळं एकदम चालवून टाकायचे," प्रफुल म्हणाला. "पण संध्याकाळची वीज बहुतेक कोळशाची. दुपारी सोलरची भरपूर असते. आपलं काम थांबू शकते, मंग दुपारीच करू ना."

"तुमाले कोळशाचा एवढा राग काऊन?"

"मी घुग्घुसचा. दोरीवरचा पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत कोणत्या रंगाचा होते, ते मले विचारा."

"अन् बाबा?"

"खाणीतच आहेत. घर कोळशावरच चालते." त्याने कीबोर्ड पुढे ओढला. "म्हणूनच तर उगाच जाळायले जीव होत नाई."

मग त्याने सगळं दाखवलं. आधी छोट्या प्रोग्रामने गवताचे फोटो बाजूला काढायचे. उरलेल्यांचे लहान लहान गठ्ठे करायचे. प्रत्येक गठ्ठा झाला की निकाल जपून ठेवायचा, म्हणजे मधेच काम थांबलं तरी पहिल्यापासून करावं लागत नाही. रोज दुपारी अकरा ते तीन, वीस कार्डं. मंगळवारी सुरुवात, शुक्रवारी खतम.

स्क्रीन नीट दिसावी म्हणून रिना थोडी पुढे वाकली... आणि प्रफुलचे कान लाल झाले. हेही तिने पाहिलं.

मंगळवारी संध्याकाळी तिने सहज विचारलं, "एकसष्ट नंबरचं कार्ड झालं?"

"ते शुक्रवारी. नंबरानेच लावलं आहे सगळं."

रिना उभीच राहिली. "एकसष्ट ते चौसष्ट माझ्या गावाचे आहेत, प्रफुल! गुरुवारी मोहाची फुलं वेचायले सुरुवात होते. बाया पहाटे अंधारातच जातात. माझी माय सगळ्यात पुढे. वाघ कुठी फिरून राह्यला, ते तुम्ही शुक्रवारी सांगान?"

"मले वाटलं, फोटोच तर आहेत... थांबतील."

"फोटो थांबतात. मोह थांबत नाई."

प्रफुलने लगेच रांगेची यादी उघडली. चारही कार्डं रांगेतून काढली आणि तेव्हाच चालवली, कोळसा तर कोळसा! चाळीस मिनिटं दोघंही स्क्रीनकडे बघत बसले. मग ती दिसली — नाल्याकाठच्या मोहाखाली वाघीण, मागे दोन बछडे. रोज पहाटे चार ते सहा.

गावात नेटवर्क नाही. बुधवारी दुपारी फोटो छापून दोघं मोटारसायकलने निघाली. दीडशे किलोमीटरच्या वाटेत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही आठवत नाही. संध्याकाळी गावाची बैठक बसली. फोटो हातोहात फिरले. ठरलं : नाल्याकडे कोणी जायचं नाही, ऊन आल्यावर निघायचं, आणि सगळ्यांनी एकत्र.

"तू बी चाल बाबू," रिनाची माय सुकरीबाई प्रफुलला म्हणाली. "एक माणूस वाढला तं आवाज वाढते."

गुरुवारी सकाळी मोहाखाली पिवळा सडा पडला होता आणि हवेत तो गोड, जड वास. बाया मोठमोठ्याने बोलत वेचत होत्या. जंगलात वेचताना असंच करतात, वाघाला माणसं आहेत हे दुरूनच कळावं म्हणून.

प्रफुल वेचत वेचत रिनाजवळ आला.

"रिना... एक सांगायचं होतं..." अगदी कुजबुजत.

"जोरात बोल. इथी हळू बोलायची मनाई आहे."

"पण सगळ्या बाया आहेत."

"मंग? वाघीण बी आहे."

त्याने टोपलीकडे पाहिलं, सुकरीबाईकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ओरडला, "मले तू आवडते!"

सगळ्या बाया गप्प. पाखरंसुद्धा उडाली.

"थांबल्या काऊन बायांनो, बोलत राहा!" सुकरीबाई म्हणाली. "अन् पोरी, त्याने त्याचं सांगितलं. तुझं सांग त्याले."

रिनाचे गाल तापले होते, पण आवाज मात्र नाल्यापलीकडे गेला.

"मले बी!"