अकरा वीसचं ऊन

"सकाळी सातला घळीत ऊन उतरतं म्हणालात. उतरलं अकरा वीसला."

खिडकीपलीकडे तो उभा होता, हातात मीच दिलेला पास घेऊन. घळीच्या अभयारण्याचे पास मी शहरातल्या कचेरीतून देते, वर सल्लाही देते. हा समोरच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून मिनिटासकट तक्रार! बहीण-भाचरांसोबत चार तास सावलीत कुडकुडला होता म्हणे.

"तुम्ही स्वतः पाहिलीय का घळ?"

चार वर्षं मी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून लोकांना पाठवत होते... गेले मात्र कधीच नव्हते.

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन आला. त्यावर माझ्यासाठी एका दिवसाचा बेत आखला होता. नऊची बस, डावीकडची खिडकी, न घसरणारे बूट. मग रोजच येऊ लागला आणि मीही मुद्दाम शंका काढू लागले. त्याची निमुळती बोटं नकाशावरून फिरायची, आणि माझं लक्ष नकाशावर नसायचं.

पण कागदावर सगळं एकेकच होतं. बाटली एक, डबा एक, बसची जागा एक. रविवारनंतर अभयारण्य सहा महिने बंद, आणि हा पठ्ठ्या सोबत येण्याचं नावच काढेना! मला काही सुचेना. घरी भाजी करपवली, वर आईवरच खेकसले.

"कुणाचा राग आहे हा?" आईने विचारलं. मी ताट घेऊन खोलीत गेले.

शुक्रवारी मी खिडकी बंद करत असताना तो आला. स्वतःची दुर्बीण पुढे ठेवत म्हणाला, सोमवारी परत करा. माझा धीर सुटला. मी कोरा पास उलटा करून त्याच्यापुढे सरकवला. मागे ठळक छापलंय, एकट्या व्यक्तीस प्रवेश नाही.

"हे... माझ्या लक्षातच नव्हतं," मी धडधडीत खोटं बोलले. त्याच ओळीखाली मी दिवसभर शिक्के मारते.

त्याचे कान लाल झाले. "मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दुसऱ्याच कुणाचं नाव सांगाल... अशी भीती वाटली."

मी पासवर 'व्यक्ती दोन' लिहिलं. मग त्याचा कागद ओढला आणि नऊच्या बसवर काट मारून सहा केले.

"ऊन अकरा वीसला येतं," त्याने हळूच आठवण करून दिली.

"माहितीय," मी म्हणाले. "तोवर सावलीत बसू."