क्रिसोस्तोमोचे नऊ दिवस

माझ्या मुलीला, रामोनाला, जुळं झालं त्या वर्षीच्या डिसेंबरात सान पेद्रोजवळच्या आमच्या ऊसमजुरांच्या वस्तीतला बैलगाडीवाला क्रिसोस्तोमो वारला. वय नव्वदीच्या घरात. कुणी फार रडलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, संध्याकाळी पाचला त्याच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला सुरुवात झाली. पत्र्याच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर, मेणबत्ती, पाण्याचा पेला. बायका आत, आम्ही पुरुष बाहेर झाडाखाली डॉमिनो मांडून, आल्याचा चहा पीत.

माझा भाचा येउरीही आला होता. बावीस वर्षांचा. उन्हाळाभर अमेरिकेत बेसबॉल खेळायचा, मैदानात शॉर्टस्टॉपच्या जागेवर, आणि हिवाळ्यात इथल्या लीगमध्ये. निम्मी वस्ती त्याच्या नावाचे सदरे घालून फिरायची. त्याची पहिली बॅट क्रिसोस्तोमोने पेरूच्या लाकडाची करून दिलेली, म्हणून सराव टाकून आला होता.

प्रार्थना सांगायची एर्सिलिया आजी. चाळीस वर्षं तीच सांगत आली होती. मेलेल्याचं नाव घ्यायच्या जागी ती म्हणाली, "देवा, येउरीला चिरशांती दे."

"अखंड प्रकाश त्याच्यावर राहो," बायका म्हणाल्या.

आमचा डाव थांबला.

"आजी, माझा करार अजून दोन वर्षं बाकी आहे!" येउरी दारातून ओरडला. "म्हाताऱ्याचं नाव घे की!"

"त्याचंच घेतलं रे, उंडग्या. टोपी काढ आधी."

सगळे हसले. आजी मात्र मनापासून बोलत होती. आपण क्रिसोस्तोमोच म्हणालो, यावर ती ठाम होती.

रविवारी पुन्हा तेच. सोमवारी आजीने तोंड उघडायच्या आधीच खोलीतल्या सगळ्या बायकांनी एका सुरात येउरीचं नाव घेतलं, आणि मग एकमेकींकडे पाहत राहिल्या. एकीने तोंडावर हात दाबला.

मी साठीनंतर अक्षरं शिकलो, म्हणून लिहिलेल्यावर माझा फार विश्वास. मंगळवारी मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत क्रिसोस्तोमोचं नाव लिहून नेलं.

"मला कुठं वाचता येतं?" आजी म्हणाली. "त्या जागी आले की तूच वाच."

मी पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला. एकेका अक्षरावर नजर ठेवली. वाचलं. बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. माझी बहीण बेनिता, येउरीची आई, दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, मी काय वाचलं ते.

"बंद करा हे!" ती ओरडली.

"माझ्या बापाला अर्ध्या वाटेत उभं ठेवू का?" क्रिसोस्तोमोची मुलगी म्हणाली. आमच्यात नऊ दिवस सुरू केले की मोडत नाहीत. मोडले तर ज्याच्या नावाने चाललेत तो वाटेतच राहतो, ना इकडचा ना तिकडचा.

बेनिता काहीतरी बोलायला गेली आणि थबकली. मीही तोच हिशेब करत होतो. चार दिवस झाले होते. नाव कुणाचं घेतलं गेलं होतं?

प्रार्थना चालू राहिली.

येउरी पुन्हा आला नाही. संघाच्या डॉक्टरने त्याला तपासलं, छाती ठणठणीत म्हणून सांगितलं. शुक्रवारी त्याने दोनदा चेंडू कुंपणापार मारला. शनिवारी मला फोन केला.

"मामा, आज कितवा?"

"असल्या गोष्टी मनावर घेऊ नकोस."

"आठवा ना?" तो हसला. "आईला उद्या एकटी सोडू नका."

"तू उद्या खेळूच नकोस."

"घरी बसून काय करू मामा? घड्याळ बघू?"

रविवारी बायकांनी ठरवलं, कुणीच तोंड उघडायचं नाही. मोडणं नाही, म्हणणंही नाही. नुसतं बसायचं. पाच वाजता त्या ओठ मिटून बसल्या. बेनिता टेबलाजवळ, मी तिच्या मागे. समोरच्या दुकानात रेडिओवर त्याचा सामना चालू होता.

मेणबत्ती जळत होती. कुणी खोकलंही नाही.

रेडिओवरचा माणूस म्हणाला, "येउरी खाली बसलाय. का बसलाय कळत नाही. चेंडू त्याच्याकडे आलाच नव्हता."

मग म्हणाला, "त्याने हातमोजा काढून गवतावर ठेवलाय."

मग तोही गप्प झाला. हजारो लोकांचं मैदान गप्प झालं.

बेनिता उठली.

"आता मधेच सोडू नका गं," ती म्हणाली. "माझं पोर वाटेत राहील."

आणि तिने स्वतः त्याचं नाव घेतलं, नीट, पूर्ण. आम्ही सगळ्यांनी उत्तर दिलं.

डॉक्टरांना काहीच सापडलं नाही.

त्याला मातीत ठेवल्यावर बेनिताने आपल्या घरात टेबल मांडलं, चादर अंथरली, पेला भरला आणि एर्सिलिया आजीला बोलावणं पाठवलं. आजी आली. उंबऱ्यातच थांबली.

"चादर काढ, बेनिता," ती हळूच म्हणाली. "त्याचे नऊ झालेत."

येउरी मोता, शॉर्टस्टॉप, वय बावीस, वीस डिसेंबरला रविवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी गेला.