दुसरा ब्रेक

त्या दिवशी मी दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायचा आणि समोरची अक्षरं वाचायला लावायची. बारा वर्षं लोकांची नजर तपासतेय. अशा बाईने छत्तिसाव्या वर्षी मोटार शिकवण्याचा परवाना काढायला निघावं, याची दुकानात बरीच थट्टा व्हायची. मालक म्हणायचे, "म्हणजे आता तुम्ही लोकांना अक्षरांऐवजी खड्डे दाखवणार!" मीही सगळ्यांबरोबर हसायचे. खरं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

खरं कारण होतं एक ब्रेक.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, हे तुम्हाला माहीत असेल. शिकणारा गोंधळला तर शिकवणाऱ्याने आपल्या बाजूने गाडी थांबवायची. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या बहिणीला शिकवत होते ती आमची साधी घरची गाडी होती. माझ्या पायाखाली नुसता पत्रा. टँकर अंगावर आला तेव्हा तो पत्रा मी इतक्या जोरात दाबला की माझ्या पायाची दोन हाडं मोडली. डॉक्टरांना वाटलं, धडकेत मोडली. मीही काही बोलले नाही.

बहिणीला आम्ही घरात टिटवी म्हणायचो. बावीस वर्षांची घोडी झाली तरी दारातून आत आल्यापासून तिची टिवटिव सुरू. स्टिअरिंगवर बसली की मात्र तिची बोबडी वळायची. सतत संत्र्याच्या गोळ्या चघळायची, सिग्नलला थांबलं की नखाने स्टिअरिंगवर टकटक करायची आणि प्रत्येक गोष्ट विचारायची. "ताई, गिअर टाकू? ताई, वळू? ताई, जाऊ?" शिकणाऱ्याला आपल्या डोळ्यांचा भरवसा नसतो. तो शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांनी गाडी चालवतो. हे मला पुढे परीक्षेच्या पुस्तकात वाचायला मिळालं, आणि ते पान मी पुन्हा कधी उघडलं नाही.

त्या दुपारी ती लाकडाच्या जुन्या वखारीपाशी, चौकात थांबली होती. अगदी रेघेवर, शिस्तीत. वखारीची भिंत तिच्या बाजूला होती, तिला पलीकडचा रस्ता दिसत नव्हता. मला दिसला असता. पण तेवढ्यात माझ्या फोनवर दुकानातून निरोप आला, एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर विचारायला. "ताई, जाऊ?" तिने विचारलं. मी मान वर न करता म्हणाले, "जा."

दवाखान्यात आईने मला विचारलं, "झालं तरी काय?" तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं. "मी थांब म्हणाले. तिने ऐकलं नाही." पोलिसांनीही तेच लिहून घेतलं.

ते वाक्य आमच्या घरात मुक्कामालाच आलं. आई रडायची कमी आणि चिडायची जास्त. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तिचं टिटवीशी भांडण चालू असायचं. "कधी ऐकलंय का हिने कुणाचं? हट्ट नडला. एवढी शहाणी बहीण शेजारी बसलेली, तिला तरी विचारायचं होतंस." तिने टिटवीचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही. म्हणायची, "समोर दिसली की मला राग येतो." मी आतल्या खोलीत बसून ऐकायचे. उठून जावं, सांगून टाकावं असं रोज वाटायचं. रोज मी बसून राहायचे.

परवान्याच्या अर्जात एक प्रश्न होता: आपल्या चुकीमुळे कुणाचा मृत्यू झाला आहे काय? मी 'नाही' लिहिलं. अक्षर छान आलं होतं.

बंद पडलेल्या एका ड्रायव्हिंग स्कूलची दोन ब्रेकवाली गाडी मी घेतली होती. लेखी पेपर सुटला, माझी स्वतःची चालवण्याची परीक्षाही झाली. आता उरली होती शिकवण्याची. यात गंमत अशी की परीक्षकच शिकाऊ बनतो. तो स्टिअरिंगवर बसतो, मुद्दाम चुका करतो आणि आपण त्याला शिकवायचं.

माझे परीक्षक साठीला टेकलेले होते. जाड भिंगं, दुखरे गुडघे, अंगाला वेदनाशामक मलमाचा झणझणीत वास. चष्म्याचा नंबर मी न विचारता ओळखला. कण्हत-कुथत ते स्टिअरिंगवर बसले आणि पाकिटातून एक कार्ड काढून त्यांनी डोळ्यांजवळ नेलं.

"बघू, आज आम्ही कोण आहोत… वय बावीस. चौथा धडा. स्वभाव भित्रा." ते हसले. "नातवंडांनी बघितलं तर घरात घेणार नाहीत मला. हे बघा बाई, परत ऑफिसात येईपर्यंत मी साहेब नाही. मला खुशाल अरे-तुरे करा. पण सगळं तोंडाने सांगायचं. ब्रेकला पाय लावायचा तो अगदी गळ्याशी आल्यावर."

बावीस हा आकडा मला टोचला. पण बाविशीत हजारो लोक गाडी शिकतात, असं म्हणून मी पट्टा बांधला.

सुरुवातीला साहेबांनी धमाल केली. फाटकातच दोनदा गाडी बंद पाडली. वायपर चालू करून "हा दिवा का लागत नाही, मॅडम?" म्हणून विचारलं. मला हसू येत होतं आणि शिकवायला जमतही होतं. शाळेच्या भिंतीपर्यंत मला वाटायला लागलं की पास झाले.

पेट्रोल पंपापाशी मलमाचा वास येईनासा झाला.

काच उघडी असेल म्हणून मी पाहिलं. बंद होती. गाडीत हळूहळू दुसराच वास पसरत होता. गोड, आंबूस. संत्र्याच्या गोळीचा. साहेबांनी गोळी तोंडात टाकली असेल, म्हातारी माणसं टाकतात.

मग टकटक सुरू झाली. स्टिअरिंगवर नख वाजवल्याची. मी नजर खाली ठेवून फक्त त्यांचे हात पाहिले. मोठे, केसाळ हात, नखं पार बुडापर्यंत कापलेली. बोटं हलत नव्हती. टकटक चालूच होती.

"गिअर टाकू?" आवाज एकदम बारीक झाला होता.

"टाक," मी म्हणाले.

"ताई, वळू?"

मॅडमवरून ताईवर येणारे लोक खूप असतात. मी स्वतःची तशी समजूत घातली. माझ्या हातातल्या नकाशावर पंपानंतर शाळेला वळसा घालून परत यायचं होतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. गाडी उलट्या बाजूला वळली.

"अगं, तिकडे नको…" असं मी म्हणून गेले. साठीच्या माणसाला मी 'अगं' म्हणाले होते, आणि त्याने मला टोकलं नाही.

हा रस्ता मी तीन वर्षं टाळला होता. एखाद्या कामासाठी जावंच लागलं तरी मैलभराचा वळसा घालायचे. वखारीची भिंत दिसू लागली. ब्रेकवर पाय ठेवायचा म्हणून मी पाय सरकवायला गेले, पण पाय जागचा हलेना. शेजारी बघण्याची तर छातीच होत नव्हती. गाडी सावकाश चालली होती, भित्रा माणूस चालवतो तशी. आणि चौकात, अगदी रेघेवर, शिस्तीत थांबली.

चारचा सुमार. ऊन भिंतीवरून अर्ध्या रस्त्यापर्यंत उतरलं होतं. मी या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं, पुन्हा या बाजूला पाहिलं. रस्ता मोकळा होता. चिटपाखरू नव्हतं.

"ताई… जाऊ?"

आता 'जा' म्हणायचं, एवढंच काम होतं. परीक्षा तेवढ्यावर होती. मी पुन्हा एकदा त्या बाजूला पाहिलं.

"ताई… मी विचारलं होतं ना तुला?"

मी डोळे मिटून घेतले.

"आई म्हणते, मी विचारलंच नाही… रोज म्हणते… मला ऐकू येतं ग…"

तुम्हाला वाटेल की मी किंचाळले असेन. नाही. भीती होती, पण तिच्यावर काहीतरी चढून बसलं होतं. इतके दिवस ही पोरगी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईची बोलणी खात होती, आणि मी आतल्या खोलीत गप्प. मला माझीच इतकी किळस आली की त्यापुढे भीती टिकली नाही.

"विचारलं होतंस," मी म्हणाले. "तू थांबली होतीस, विचारलंही होतंस. मीच जा म्हणाले. न बघता म्हणाले. आणि मग सगळ्यांना खोटं सांगितलं."

गाडीचं इंजिन बंद पडलं. मलमाचा वास परत आला.

मी डोळे उघडले. साहेब चष्मा हातात धरून बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई," ते हळूच म्हणाले, "माझ्या कार्डावर लिहिलंय की चौकात न थांबता पुढे जायचं. तुम्ही कशा थांबवता ते बघायचं होतं. मी न्यायलाच लागलो होतो. गाडी थांबली. ब्रेक… तुम्ही दाबलात ना?"

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय सीटवर होते. कधी वर घेतले होते कोण जाणे, गुडघे छातीशी घट्ट धरून मी बसले होते. आणि माझ्या बाजूचा ब्रेक पार तळाला टेकलेला होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. मग तो सावकाश वर आला.

साहेबांनी रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमालाची घडी केली, उलगडली, परत केली.

"आणि तुम्ही बोललात ते कुणाशी? मी तर काही विचारलं नव्हतं."

त्यांनी फाइलमधला माझा अर्ज काढला आणि त्या प्रश्नावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला कमी ऐकू येतं, असं मी म्हणू शकतो. वय झालंय माझं. लोकांना पटेल."

"नका म्हणू," मी म्हणाले. "ऐकलंत ते लिहा."

त्यांनी लिहिलं. मांडीवर कागद ठेवून. परतीला गाडी मीच चालवली. परवाना मिळाला नाही, मिळणारही नाही. त्याचं मला दुःख नाही म्हटलं तर खोटं होईल, आणि खोटं आता पुरे झालं.

घरी आले तेव्हा आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. गाडीतलं नाही, फक्त त्या दुपारचं.

"म्हणजे ती थांबली होती," आई म्हणाली.

"हो."

"तुला विचारलं तिने."

"हो, आई."

तिच्या हातात उशीचा अभ्रा होता. त्याची तिने नीट घडी केली, कोपरे जुळवले. "मग तीन वर्षं मी कुणाला बोलत होते?" असं म्हणाली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तिने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी सकाळी एवढंच म्हणाली, "तुझी ती गाडी दुपारची उघडी ठेवून जात जा."

तेव्हापासून रोज दुपारी आई खाली जाते आणि गाडीत बसते. स्टिअरिंगवर नाही, शेजारच्या सीटवर. खालच्या मजल्यावरच्या काकू सांगतात, "तासभर बसतात ग. काहीतरी बोलतात, हसतात. बसू दे, मन मोकळं होतंय." मलाही तसंच वाटलं. हसते म्हणजे चांगलंच की!

मग गेल्या आठवड्यात गाडीतले किलोमीटर माझ्या नजरेस पडले. आकडे लक्षात ठेवायची मला धंद्यामुळे सवय आहे. मी गाडी महिनाभर बाहेर काढलेली नव्हती, आणि आकडा बराच पुढे गेला होता. मी रोज लिहून ठेवायला लागले. रोज अकरा किलोमीटर. आमच्या दारापासून वखारीच्या चौकापर्यंत जाऊन परत यायला अकराच होतात. काकू शपथेवर सांगतात की गाडी जागची हललेली नाही. आईला गाडी चालवता येत नाही, तिने कधी सायकलही चालवलेली नाही.

आज संध्याकाळी मी तिला विचारलंच. ती खिडकीशी बसली होती, चेहरा शांत, कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता इतका शांत.

"छान चालवते ग आता," ती म्हणाली. "तूच उगाच घाबरवून ठेवली होतीस तिला. चौकात बरोब्बर थांबते. माझ्याकडे बघून विचारते, आई, जाऊ? मी काही बोलत नाही. मग मुकाट्याने गाडी वळवते."

"आई…"

"तीन वर्षं तिथे थांबलीय पोर. कुणीतरी तिला जा म्हणायला नको? मी उद्या म्हणणार आहे."

"आई, अगं, गाडीत तू असतेस…"

आईने माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"मग? एकटीला कशी पाठवू?"

खरं तर गेले चार दिवस मी गाडीला कुलूप लावते आणि किल्ली माझ्याबरोबर दुकानात घेऊन जाते. आकडा तरीही रोज अकराने पुढे जातोच आहे. आईने ती एकदाही मागितलेली नाही.