पहिली ओटी

लाइट आता लवकर यायची नाही, तेव्हा बसा जरा. दर्शन, ती बॅग सकाळी भर, कपडे कुठे पळून जात नाहीत. मृणाली, तू अशी भिंतीला टेकून बस गो. उद्या पावसला चाललाय ना? एक रात्र, आंब्याच्या बागेत खोली, चुलीवरचं जेवण? जा, खुशाल जा. आमच्या वेळी नवरा-बायको जोडीनं घराबाहेर पडायचे ते एक तिच्या माहेरी, नाहीतर डॉक्टरकडे. तुमचं बरं आहे. फक्त जायच्या आधी त्या रितेशचं ऐका.

मी तेव्हा लोट्याला कंपनीची बस चालवायचो. रितेश खेडला चढायचा आणि माझ्या मागच्या सीटवर बसायचा. पोरगा बोलका. घरी दोन खोल्या. एका खोलीत आई, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान तिखट. दुसऱ्या खोलीत हा आणि त्याची बायको मनस्वी. ती अलोऱ्याची, खेडात एका लॅबमध्ये कामाला. याची शिफ्ट बदलती, तिची ड्युटी बदलती. हा घरी येतो तेव्हा ती निघालेली. आणि दोघं घरी असली तरी मोठ्यानं हसायची चोरी, आई भिंतीपलीकडे जागी. मग यांनी तोड काढली. महिन्यातून एक शनिवार जवळच कुठेतरी जायचं. लांब नाही, खर्चात पडायचं नाही. जेवायला दोघंच, मध्ये कुणी नाही.

एका शनिवारी बस खेडच्या बाजारात आली तसा तो म्हणाला, "तात्या, दोन मिनिटं थांबवा. वेणी घ्यायचीय."

अबोलीची वेणी घेऊन आला. बस भरून पोरं त्याला चिडवत होती, पण तो लाजला नाही. मला आवडला तो त्या दिवशी.

त्या शनिवारी ते हेदवीला गेले. राहिले मजेत. सकाळी निघताना, ज्या घरी उतरले होते तिथली बाई हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली. आता मृणाली, तुला ठाऊक असेल, काही घरांत सवाशीण पहिल्यांदा वस्तीला आली की तिची ओटी भरल्याशिवाय सोडत नाहीत. खण, नारळ, मूठभर तांदूळ. आणि ती ओटी वाटेत कुठे ठेवायची नसते. सवाशीण ती नेते आपल्या घरी. तर या बाईनं मनस्वीला नुसतं कुंकू लावलं आणि म्हणाली, "पहिली ओटी भरली ना तुझी गेल्या खेपेस? निळा खण दिलाय मी."

मनस्वी म्हणाली, "मी पहिल्यांदाच आलेय."

बाई हसली. ही दोघंही हसली. माणसं येतात-जातात, बाईच्या डोक्यात गोंधळ झाला असेल. रितेशनं मला हसत हसत सांगितलं. मी नाही हसलो. ड्रायव्हर माणूस संशयी असतो. गाडीत आवाज आला की तो कुठून आला ते कळेपर्यंत त्याला चैन पडत नाही.

पुढच्या महिन्यात पावस. आनंदीबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिची बाग. बागेच्या टोकाला चिऱ्याची एक खोली, पुढे छोटा ओटा. ही दोघं स्कूटरवरून उतरली तशी आनंदीबाई मनस्वीकडे बघून म्हणाली, "आलीस गो बाय? आज बरा जोडीनं आलीस!"

मनस्वीला कळेना. रितेशनं विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय? मागच्या खेपेस एकटीच आली व्हतीस नाय का? दोघांचं जेवण सांगितलंस. ताटं वाढून ठेवलीस नि बसलीस वाट बघत. कोण आला नाय. सकाळी मीच तुझी ओटी भरली, हिरवा खण घातला. रिकामी कशी पाठवू?"

मनस्वीनं शपथ घेतली की आपण पावस आज पहिल्यांदा बघतोय. आनंदीबाई खोलीची किल्ली आणायला वळली. पण रितेशच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दोघांचं जेवण? दुसरा कोण? तो रात्रभर जागा होता. शेजारी ही शांत झोपलेली. त्याला तिची झोपसुद्धा खोटी वाटायला लागली.

सकाळी मनस्वी आवरत होती तेव्हा त्यानं आनंदीबाईला आपला नंबर दिला. म्हणाला, "परत एकटी आली तर मला फोन करा. तिला सांगू नका."

बायकोला एका शब्दानं विचारलं नाही. घरी हसायचा, बोलायचा. आणि ती आंघोळीला गेली की तिचा फोन उघडून बघायचा. सापडायचं काहीच नाही. पण संशयाला औषध नाही रे. काही सापडलं नाही की तो म्हणायचा, बघा तात्या, किती हुशार आहे.

आता ती रात्र. दोन वर्षांपूर्वी दत्तजयंती मंगळवारी होती, तिच्या आधीचा शनिवार. चांदणं होतं, थंडी पडलेली. संध्याकाळी बस लोट्याच्या गेटातून बाहेर काढतोय, तोच त्याचा फोन वाजला. आनंदीबाईचा आवाज मला पुढे ऐकू आला.

"आली हाय. एकटीच. दोघांचं जेवण सांगितलंय."

रितेश पांढराफटक पडला. मनस्वीनं त्याला सकाळी सांगितलं होतं, आज लॅबमध्ये उशीर होईल.

मी म्हटलं, "आधी घरी फोन लाव."

"नको तात्या. सावध होईल ती."

तिथेच उतरला. कुणा मित्राची मोटारसायकल घेतली आणि सुटला. लोट्यापासून पावस म्हणजे काही जवळ नाही. चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा... इतक्या वाटेत एक फोन. फक्त एक. पण केला नाही. जाताना डोक्यात एकच, तो दुसरा कोण ते आज बघायचं.

पावसला पोचला तेव्हा गाव निजलं होतं. आनंदीबाईच्या घरात दिवा नाही. मोटारसायकल बाहेरच ठेवली आणि बागेतनं चालत निघाला. वाळलेली पानं पायाखाली वाजत होती. टोकाच्या खोलीचं दार उघडं. आत कंदील.

ती पाठमोरी बसलेली.

मनस्वीच. तीच मान. तीच पाठ. लग्नानंतर यानंच घेतलेली मोरपंखी साडी. केसांत अबोलीची वेणी.

वेणी बघितली आणि हा आतून पेटला. आज वेणी यानं आणली नव्हती. मग आणली कुणी?

समोर दोन ताटं. भात वाढलेला, वाफ निघत होती. दुसऱ्या पाटावर कुणी नाही.

"मनस्वी!"

ती वळली नाही.

"उशीर केलास," म्हणाली. आवाज तिचाच. "बस. निवतंय."

हा दारातच. पाय उचलेना. राग होता, पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी... त्याला कळेना काय. ती आमटी वाढत होती. हात दिसत होता. बांगड्या दिसत होत्या. बांगड्या एकमेकींवर आपटत होत्या.

आवाज येत नव्हता.

तेवढ्यात याच्या खिशातला फोन वाजला.

नाव बघितलं. मनस्वी.

समोर ती. हातात फोन नाही. हातात पळी.

यानं फोन कानाला लावला.

"अरे, कुठे आहेस तू? आई जेवायच्या थांबल्यात." मागे आईचा खोकला. घरचा पंखा कुरकुरतोय तोसुद्धा ऐकू आला.

यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला.

समोरचीनं पळी खाली ठेवली. मान जराशी... जराशीच वळवली.

"कुणाचा फोन आहे?" तिनं विचारलं.

त्याच आवाजात.

आणि फोनमधून मनस्वी म्हणाली, "रितेश... कोण बाई बोलली ती?"

तो पळाला. बागेतनं, दगडी गडग्यावरनं, कसा ते त्याला आठवत नाही. गुडघे फुटले. रत्नागिरीच्या स्टँडवर माणसांत येऊन बसला तेव्हा त्याला रडू फुटलं. सकाळी आनंदीबाईचा फोन, "जेवून गेलात तर सांगून तरी जायचंत. दोन्ही ताटं साफ केलीत ती बरा केलात." यानं अन्नाला हात लावला नव्हता. मला माझ्या पायाची शपथ घेऊन सांगितलं त्यानं.

घरी आला तर मनस्वी बॅग भरून बसलेली. यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्यावर संशय घेतलास. वाटेत एक फोन केला नाहीस. आणि मी केला तेव्हा तुझ्याजवळ बाई होती. आता मला भुताची गोष्ट सांगतोस?"

गेली अलोऱ्याला. तिचं काय चुकलं सांगा. तिच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो.

आठवडाभर पोरगा बसमध्ये एक शब्द बोलला नाही. रात्रपाळी चालू होती त्याची. मला बघवेना. पुढच्या रविवारी मी त्याला घेऊन अलोऱ्याला गेलो. मनस्वीसमोर हा उभा राहिला आणि म्हणाला, "बाईचं जाऊ दे. तू खोटं मान. पण मी तुला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. माझं चुकलं." मग ती आत जाऊन बॅग घेऊन आली. गाडीत दोघं मागे बसली होती, मध्ये बॅग. चिपळूण गेल्यावर ती बॅग तिनं उचलून खाली ठेवली. मी आरशात बघितलं आणि मला बरं वाटलं.

घरी पोचलो. आई खाटेवर. मनस्वी पाया पडली आणि साडी बदलायला म्हणून कपाट उघडलं.

आणि तिथेच थांबली.

वरच्या कप्प्यात तिची मोरपंखी साडी घडी करून ठेवलेली. घडीवर दोन खण. एक निळा. एक हिरवा. मूठभर तांदूळ. दोन नारळ, त्यातल्या एकाला वीतभर कोंब आलेला.

तिनं रितेशकडे बघितलं. तो भिंतीला टेकला होता. त्याचं तोंड बघून तिला त्याचं सगळं खरं वाटलं. दत्ताची शपथ घेऊनही वाटलं नसतं, ते त्या क्षणी वाटलं. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"आई," तिनं विचारलं. "ही ओटी कुणी ठेवली?"

म्हातारी खाटेवरून म्हणाली, "अगो, असा काय विचारतेस? परवा रात्री तूच नाय का आलीस? रितू पाळीला गेला व्हता. मीच दार उघडला. म्हटलं, राग गेला गो बाय तुझा? जेवलीस काय?"

"मग... मी काय म्हणाले?"

"म्हणालीस, पावसलाच जेवलो, दोघंही. आता ही ओटी घरात ठेवते."

पंखा कुरकुरत होता.

मनस्वी त्या घरात पुन्हा झोपली नाही. त्याच संध्याकाळी तिघं अलोऱ्याला गेली, आता तिथेच असतात. खोल्या बंद आहेत. ओटी जगबुडी नदीत सोडायला मीच नेली, दुसरा कोण नेणार? कपाटातनं उचलताना खणावरच्या कुंकवाला माझं बोट लागलं. दोन महिन्यांपूर्वी भरलेली ओटी. नारळाला कोंब फुटलेला.

बोट लाल झालं, मृणाली.

कुंकू ओलं होतं.